अमेरिकेत साठीनंतर कॉलेज फुकट? हो, पण रिकाम्या खुर्चीवर

बाबांनी मला न विचारता, मी ऑफिसात असताना, लॅपटॉप उघडून इथल्या जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) स्वतःचं नाव घातलं आणि तीन दिवसांनी सातशेच्या वर डॉलरचं बिल ईमेलवर आलं. "अगं, फुकट आहे म्हणाली होतीस ना?" हो, मीच म्हणाले होते. फुकट आहेही. पण बाबांनी क्लास सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीच बाकीच्या पोरांसारखं रजिस्ट्रेशन करून टाकलं, आणि या योजनेत सगळ्यात महागात पडणारी चूक कुठली असेल तर तीच, वेळेच्या आधी जाणं. ज्या माणसाने जन्मभर एसटी सुटायच्या तासभर आधी स्टँडवर जाऊन बसायची सवय ठेवली त्याला हे पटवणं म्हणजे काय असतं ते मी आता सांगू शकते.

तर आम्ही व्हर्जिनियात राहतो, बाबांना ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षं झाली, आणि मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारे निम्मे आई-बाबा "साठीनंतर इथे कॉलेज खरंच फुकट असतं का?" हाच प्रश्न विचारतात म्हणून एकदाचं नीट लिहून काढतेय.

पहिली गोष्ट, "अमेरिकेत सीनियर लोकांना कॉलेज फुकट" असा देशभराचा एक कायदा नाहीये. हे राज्याराज्याचं आहे आणि बहुतेक राज्यांत काही ना काही आहे, पण वय वेगळं, अटी वेगळ्या, नावंसुद्धा वेगळी. आमच्या व्हर्जिनियात ६०, शेजारच्या मेरीलँडमध्ये ६०, ओहायो आणि फ्लोरिडात ६०, जॉर्जिया, कनेक्टिकट, मिनेसोटात ६२, आणि टेक्सस, न्यू जर्सी, केंटकी, इलिनॉयमध्ये ६५. आणि हे कायदे त्या त्या राज्याच्या सरकारी कॉलेजांना आणि युनिव्हर्सिट्यांना लागू होतात. प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचा मोठा दगडी दरवाजा बघून कोणी हुरळून जाऊ नका, तिथे त्यांचा स्वतःचा काही कार्यक्रम असेल तर असेल, कायद्याने त्यांच्यावर बंधन नाही.

आता मुद्द्याचं, हे फुकट नक्की कसं चालतं. हे कळलं की बाकीचे सगळे विचित्र वाटणारे नियम आपोआप कळतात.

आपल्याकडे एसटीत ७५ च्या वरच्यांना २०२२ पासून प्रवास फुकट आहे. आजोबा बसमध्ये चढतात, आधार कार्ड दाखवतात, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडतो आणि त्या तिकिटाचे पैसे राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. म्हणजे आजोबांचं भाडं कुणीतरी भरलंय, ते पूर्ण पॅसेंजर आहेत, खिडकीशी बसले तरी कोणी उठवत नाही. अमेरिकेतल्या सीनियर वेव्हरचं, म्हणजे ज्येष्ठांच्या फी-माफीचं, साधारणपणे असं नाही. इथे तुमची फी कोणीच भरत नाही. कॉलेज एवढंच म्हणतं की वर्गात ३० खुर्च्या आहेत, पैसे भरणारी २६ पोरं आली, प्रोफेसरचा पगार द्यायचाच आहे, हीटर चालूच आहे, मग उरलेल्या चार खुर्च्यांवर कोणी येऊन बसलं तर आमचं काय जातंय? ही चार खुर्च्यांची भानगड म्हणजे अख्खी योजना. कायद्यात याला शब्द आहे 'स्पेस अव्हेलेबल', मराठीत सांगायचं तर पाहुण्यांची पंगत उठल्यावर वाढप्यांची बसते तशी. जेवण तेच, पण आधी पाहुणे.

फ्लोरिडाच्या कायद्यात तर हे अगदी स्पष्ट लिहिलंय, की रजिस्ट्रेशन बंद झाल्यावर जागा उरली तरच, आणि जागा कमी असेल तर पूर्ण फी भरणारे आणि सरकारी कर्मचारी आधी, हे साठीचे लोक नंतर. वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, त्या खुर्चीचे पैसे कोणी दिलेले नाहीत हे लक्षात ठेवायचं.

आता बाबांचं काय चुकलं ते कळेल. त्यांनी दोन आठवडे आधी नाव घातलं म्हणजे कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने ते पैसे भरणारे पाहुणे झाले, बिल फाडलं गेलं. सीनियर वाल्यांची खिडकी वेगळी असते, ती बहुतेक ठिकाणी क्लास सुरू व्हायच्या आदल्या एक-दोन दिवसांत किंवा पहिल्या आठवड्यातच उघडते, आणि बऱ्याच कॉलेजांत नियमच आहे की आधी पैशाने रजिस्टर केलंत तर नंतर ते फुकटात बदलून मिळणार नाही. आमचं नशीब की अजून पूर्ण रिफंडची तारीख गेली नव्हती, क्लास ड्रॉप केला, पैसे वाचले, आणि मग पहिल्या दिवशी सकाळी मी आणि बाबा दोघं कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म घेऊन उभे. समोरच्या बाई इतक्या शांत होत्या की असे बाबा त्यांनी आधीही बघितले असणार.

ही कल्पना आली कुठून तेही थोडं सांगते. युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीने १९६४ मध्येच ६५ च्या वरच्यांना फुकट शिकवायला सुरुवात केली, त्यांचे आधीचे प्रेसिडेंट हर्मन डोनोव्हन यांच्या नावाने ती योजना अजून चालू आहे. पण खरी लाट सत्तरच्या दशकात आली. व्हर्जिनियाचा कायदा १९७४ चा आहे, ओहायोचा १९७६ चा, आणि जॉर्जियाने तर त्याच सुमाराला राज्यघटनेतच दुरुस्ती करून टाकली, तिथे आजही लोक त्याला '६२ वाली योजना' म्हणूनच ओळखतात. १९७१ ला व्हाइट हाउसच्या नावाने म्हाताऱ्या लोकांच्या प्रश्नांवर मोठी परिषद झाली होती, वातावरण तसं तापलेलं होतं, आणि दुसरीकडे दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या मुलांच्या प्रचंड पिढीसाठी कॉलेजांनी इमारती बांधून ठेवल्या होत्या, ती पिढी एकदा शिकून बाहेर पडली की वर्ग रिकामे पडणार हे दिसत होतं. राजकारण्यांना याच्यापेक्षा स्वस्त पुण्य कुठे मिळणार. म्हाताऱ्यांची मतं मिळतात आणि बजेटमधून एक डॉलर द्यावा लागत नाही.

बरं, खुर्ची मिळाली. पुढचा प्रश्न, खुर्चीवर बसून काय करायचं? इथे दोन शब्द आहेत, ऑडिट आणि क्रेडिट, आणि यांच्यात गोंधळ घातला की सगळंच चुकतं.

ऑडिटचा आपल्या सीए लोकांच्या ऑडिटशी काही संबंध नाही. ऑडिट म्हणजे वर्गात बसायचं, ऐकायचं, प्रश्न विचारायचे (प्रोफेसरच्या मर्जीने), पण परीक्षा नाही, मार्क नाहीत, डिग्रीच्या हिशेबात धरलं जात नाही. क्रेडिट म्हणजे रीतसर विद्यार्थी, गृहपाठ, परीक्षा, ग्रेड, आणि पुरेसे क्रेडिट, म्हणजे प्रत्येक कोर्समागे जमा होणारे एकक, जमले तर डिग्रीसुद्धा. फ्लोरिडात आणि ओहायोच्या साठीवाल्या योजनेत फुकट म्हणजे साधारणपणे बिनक्रेडिटचंच. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे कूनीच्या, कॉलेजांत ६० च्या वर ऑडिट करता येतं, सेमिस्टरला ८० डॉलर भरून. उलट जॉर्जियात क्रेडिट मिळतं, फक्त मेडिकल, डेंटल, व्हेटर्नरी आणि लॉ सोडून, म्हणजे ६२ व्या वर्षी फुकटात डॉक्टर व्हायचा प्लॅन असेल तर तो सोडून द्या. टेक्ससमध्ये सेमिस्टरला सहा क्रेडिट अवरपर्यंत, पण तिथे कायदा "देऊ शकतात" म्हणतो, "द्यावंच" म्हणत नाही, त्यामुळे कॉलेजला फोन करून विचारल्याशिवाय काही ठरवू नका. मिनेसोटाच्या युनिव्हर्सिटीत ऑडिट फुकट आणि क्रेडिट हवं तर क्रेडिटमागे १० डॉलर, मला हा सगळ्यात सरळ व्यवहार वाटतो. मेरीलँडच्या युनिव्हर्सिटीत 'गोल्डन आयडी' म्हणून कार्ड मिळतं, सेमिस्टरला तीन कोर्सपर्यंत, पण तिथली अट अशी की आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त नोकरी करत नसावात, म्हणजे खरंच रिटायर असावं लागतं.

व्हर्जिनियाचं थोडं खोलात सांगते कारण ते आम्ही स्वतः केलंय. वय ६० पूर्ण आणि राज्यात एक वर्ष कायदेशीर वास्तव्य. ऑडिटला उत्पन्नाची काही अट नाही, करोडपतीही बसू शकतो, सेमिस्टरला तीन कोर्सपर्यंत आणि किती सेमिस्टर करायचे त्याला मर्यादा नाही. क्रेडिट हवं असेल तर मात्र आदल्या वर्षीचं फेडरल टॅक्सेबल इन्कम २३,८५० डॉलरच्या वर नको. आता हा आकडा बघून लोक लगेच म्हणतात आम्ही बसत नाही. थांबा जरा. टॅक्सेबल इन्कम म्हणजे एकूण उत्पन्न नव्हे, स्टँडर्ड डिडक्शन वजा करून उरतं ते. २०२४ च्या हिशेबाने ६५ च्या वरच्या एकट्या माणसाला १६,५५० डॉलर वजा मिळत होते, म्हणजे एकूण चाळीस हजार डॉलरपर्यंत कमाई असली तरी तो माणूस बसतो. आणि आपल्या आई-बाबांचं बघितलं तर महिना चाळीस हजार रुपये पेन्शन म्हणजे वर्षाचे साडेपाच हजार डॉलरच्या आसपास. एफडीचं व्याज धरा, सांगलीच्या घराचं भाडं धरा, तरी कुठे जातंय तेवीस हजारांवर.

पण एक आहे, हे उत्पन्न दाखवायला टॅक्स रिटर्न भरलेला असावा लागतो, आणि ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला भारतातलं पेन्शन, व्याज, भाडं सगळं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. "तिकडचे पैसे तिकडे" असं बाबा पहिल्या वर्षी म्हणत होते. नाही, तसं नसतं. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी टॅक्सवाल्याला शंभर-दोनशे डॉलर द्या आणि नीट करून घ्या.

या कायद्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. कोणी खरंच डिग्री करत असेल आणि तिच्या ७५ टक्के अटी पूर्ण झाल्या असतील तर कॉलेज त्याला रिकाम्या खुर्चीची वाट बघायला न लावता बाकीच्यांबरोबरच रजिस्ट्रेशन करू देऊ शकतं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्या कोणाच्या तरी डोक्यात आलं होतं की शेवटच्या दोन कोर्ससाठी जागा मिळत नाही म्हणून एखाद्या सत्तरीच्या माणसाची डिग्री अडकू शकते.

फुकट म्हणजे काय काय फुकट हेही विचारून घ्या. ट्यूशन माफ होते, पण 'फीज' नावाचं वेगळं प्रकरण असतं, टेक्नॉलॉजी फी, लॅब फी, पार्किंगचा पास. केंटकीसारखी राज्यं ट्यूशन आणि फीज दोन्ही माफ करतात, सगळी करत नाहीत. आणि पुस्तकं! इथलं एक टेक्स्टबुक शंभर डॉलरच्या वर सहज जातं. आम्ही लायब्ररीतली रिझर्व्ह कॉपी वापरली, तिथे बसून वाचायची, घरी न्यायची नाही. बाबांना ते उलट बरं वाटलं, घरापेक्षा तिथे शांतता.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे बी-२ वर सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना हे लागू होत नाही. एकतर ते राज्याचे रहिवासी धरले जात नाहीत, आणि दुसरं म्हणजे त्या व्हिसावर कॉलेजात रीतसर नाव घालून शिकायला परवानगीच नाही, कॉलेजातल्या कोणी चुकून घेतलं तरी त्रास तुम्हालाच होणार. ग्रीन कार्ड असेल तरी फक्त कार्ड दाखवून भागत नाही, रहिवास म्हणजे मन आणि सामान दोन्ही इथे आहे हे दाखवावं लागतं, राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आयडी, घराच्या पत्त्यावर येणारी पत्रं, राज्याचा टॅक्स रिटर्न. बाबा गाडी चालवत नाहीत म्हणून त्यांचं साधं आयडी कार्ड काढलं होतं, ते इथे कामाला आलं. आणि जे सहा महिने इकडे सहा महिने तिकडे करतात त्यांची पंचाईत होऊ शकते, वर्षभर वास्तव्य म्हणजे नक्की काय हे प्रत्येक कॉलेजचं ऑफिस आपल्या पद्धतीने तपासतं, तेव्हा बोर्डिंग पास जपून ठेवा.

कागदपत्रांची एक गंमत. कॉलेज गोवर वगैरेच्या लसीचा पुरावा मागतं, आणि आपल्या आई-वडिलांच्या लसीचा कागद कोण ठेवतंय, तेव्हा लस होती की नव्हती इथून सुरुवात. पण १९५७ च्या आधी जन्मलेल्यांना बऱ्याच ठिकाणी यातून सूट आहे, कारण त्या काळच्या बहुतेक सगळ्यांना गोवर लहानपणीच होऊन गेलेला असतो असं धरतात. बाबा १९५४ चे, सुटले. मार्कशीटचं म्हणाल तर डिग्रीसाठी नाव घालणार नसाल, नुसते एक-दोन कोर्स करणार असाल तर बहुधा मागत नाहीत. डिग्री करायची असेल तर मात्र तिकडची सर्टिफिकेटं इथल्या संस्थेकडून पैसे भरून तपासून घ्यावी लागतात, आणि ते प्रकरण महिनोन् महिने चालतं.

ज्यांना खरंच पहिली डिग्री इथे करायची आहे आणि स्पेस अव्हेलेबलच्या भरवशावर राहायचं नाही त्यांनी फाफ्साचा, म्हणजे फेडरल सरकारकडे शिक्षणासाठी मदत मागायचा, फॉर्म भरून बघा. फेडरल सरकारच्या पेल ग्रँटला वयाची वरची मर्यादा नाही आणि ग्रीन कार्डवाल्यांना ती मिळते, २०२४-२५ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. अट अशी की आधीची बॅचलर डिग्री नसावी. हे पैसे सरकार भरतं, म्हणजे परत तेच, खुर्चीचे पैसे कोणीतरी दिले की तुम्ही पूर्ण पॅसेंजर.

हाच फरक कॅलिफोर्नियात तर फार मजेशीर दिसतो. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत बिनक्रेडिटचे वर्ग फुकट असतात आणि त्या वर्गांसाठी राज्य सरकार कॉलेजला हजेरीप्रमाणे पैसे देतं. त्यामुळे काय झालं, सांता मोनिका कॉलेजने १९७५ मध्ये 'एमेरिटस' नावाचं खास ज्येष्ठांसाठीच सुरू केलं, चित्रकला, साहित्य, गाणं, व्यायाम, सगळं. तिथे म्हातारी माणसं उरलेल्या जागेवर बसत नाहीत, वर्ग त्यांच्यासाठीच भरतो.

आईचं वेगळं. तिला कॉलेज नको होतं, तिला दुकानात समोरचा काय म्हणाला ते कळायला हवं होतं. तिच्यासाठी आम्ही ईएसएल लावलं, म्हणजे इंग्रजीचे वर्ग, ते पब्लिक लायब्ररीत आणि स्कूल डिस्ट्रिक्टच्या प्रौढ शिक्षणात बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा अगदी थोड्या पैशात असतात आणि त्याला साठीची अटच नाही. आमच्या इथे दर मंगळवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत. पेरूची एक आजी आणि आपली आई आता एकमेकींना रेसिपी समजावून सांगतात, दोघींचं इंग्रजी मिळून एक वाक्य होतं.

तर बाबा. पहिल्या दिवशी त्या फॉर्मवर प्रोफेसरची सही लागते म्हणून आम्ही वर्गाबाहेर उभे होतो, विषय जिऑलॉजी, भूगर्भशास्त्र. प्रोफेसर तरुण मुलगा, माझ्यापेक्षा लहान. त्याने विचारलं, हाच विषय का? बाबांनी त्यांच्या सांगली स्टाइल इंग्रजीत सांगितलं की मी चाळीस वर्षं धरणाच्या पायासाठी दगड फोडले, तो दगड काय आहे ते नीट शिकायचं राहिलं. त्याने सही केली. वर्गात २४ पैकी २१ खुर्च्या भरल्या होत्या. बाबांना मिळाली ती खुर्ची शेवटच्या रांगेत, दगडांचे नमुने ठेवलेल्या कपाटाला लागून, तिथून बोर्ड अर्धाच दिसतो.

चौथ्या आठवड्यात त्या प्रोफेसरने आमच्या व्हर्जिनियातल्याच शेनॅन्डोआच्या डोंगरातला दगड आणला. हिरवट काळा, त्यात पांढरे-हिरवे ठिपके. हा मूळचा बेसाल्ट, ५७ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, नंतर दाबाने आणि उष्णतेने बदललेला, आणि ते ठिपके म्हणजे लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूचे बुडबुडे, त्यात पुढे खनिजं भरली. दगड हातोहात फिरत शेवटच्या रांगेत आला तेव्हा बाबांनी तो बराच वेळ सोडलाच नाही. घरी येऊन मला म्हणाले, "असाच ड्रिल करून काढलेल्या दगडांच्या कोअर बॉक्समध्ये निघायचा गं, चांदोली धरणाला, आम्ही त्याला नुसतं फोडाचा पाषाण म्हणायचो." आपला सह्याद्रीचा साडेसहा कोटींचा, म्हणजे यांच्यापेक्षा पोरगा. पुढच्या तासाला प्रोफेसरने बाबांना उठवून दहा मिनिटं दख्खनच्या दगडाबद्दल बोलायला लावलं. ऑडिटवाल्याला परीक्षा नसते, पण त्या दहा मिनिटांसाठी बाबा आदल्या रात्री एक वाजेपर्यंत जागे होते.

सेमिस्टर संपला. पुढच्यासाठी त्यांना ओशनोग्राफी करायचंय आणि आता त्यांना नियम पाठ झालाय. कॉलेजच्या वेबसाइटवर प्रत्येक वर्गात किती जागा उरल्या ते दिसतं, ते पान त्यांनी आयपॅडवर सेव्ह करून ठेवलंय. रोज सकाळी चहा घेता घेता उघडतात. काल सात होत्या, आज सकाळी पाच. "दोन गेल्या," म्हणाले, आणि बिस्किट चहात बुडवून परत एकदा पान रिफ्रेश केलं.